कंट्रोलची परात

ह्या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगून टाकतो की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी ते वाचून हसायचे. आता तीच पाळी माझ्यावर आली आहे, तेव्हा हसायचा तुमचा हक्क मला मान्य आहे. पण माझ्या बाबतीत नुसतं 'विश्वास नव्हता' म्हणून भागत नाही — विश्वास न ठेवणं ही माझी नोकरी होती. नागपुरात मुलींच्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की 'रक्त' कसं होतं, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलींना करून दाखवायचे आणि वर सांगायचे, "आता घरी जाऊन आजीला दाखवा." दोन-चार आज्या त्यापायी शाळेत भांडायला आल्या होत्या. त्याचाही मला अभिमान होता.

जे सांगते आहे ते आणीबाणीच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मानेवाडा रोडच्या बाजूला तेव्हा नुकताच घरांच्या प्लॉटांचा एक ले-आउट पडला होता. आधी तिथे संत्र्याची बाग होती. त्या ले-आउटमध्ये माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. समोर बैठक, मध्ये आम्हा नवरा-बायकोची खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे आंगण. घर चार वर्षांचं आणि घरात माणसंही चारच. बाबूजी मिलमधून रिटायर झालेले. सासूबाई खापा गावच्या, विणकराच्या घरातल्या. सोवळं-ओवळं, उपास, सगळं कडक. माझे मिस्टर मधुकरराव एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. आणि चौथी मी.

म्हणजे आमच्या घरची जेवणं कशी होत असतील ते बघा. सासूबाई म्हणणार, आज एकादशी, कांदा चालत नाही. मी म्हणणार, कांदा खाल्ल्याने काय होतं ते सिद्ध करा. मिस्टर म्हणणार, "आधी 'सिद्ध' म्हणजे काय ते तर ठरवा." आणि बाबूजी ताट पुढे ओढून म्हणायचे, "तुमचं ठरेलोक माही भाजी थंडी होऊन राहिली." मला तो माणूस फार आवडायचा. वडिलांपेक्षा जास्त, असं म्हटलं तरी चालेल.

मे महिन्यात बाबूजी गेले. बैठकीतल्या खाटेवर बसून संध्याकाळचा चहा घेत होते. कप खाली ठेवला, भिंतीला टेकले आणि संपले. सासूबाई आतून "अजून थोडा देऊ का?" म्हणून विचारत होत्या.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या. दहाव्याला बायकांनी सासूबाईंच्या पायातली जोडवी काढली. चाळीस वर्षं बोटात बसलेली, ती सहज निघेनात. साबण लावावा लागला. निघाल्यावर त्यांच्या बोटांवर दोन पांढरे पट्टे राहिले होते. मी तिकडे बघू शकले नाही, उठून आत गेले.

तेरवीच्या आदल्या दुपारी सासूबाईंनी मला तांदळाचं पीठ चाळायला सांगितलं. हे काय प्रकरण असतं ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. माणूस जिथे गेलं ती जागा सारवायची, तिथे परातीत पीठ पसरायचं, बाजूला दिवा लावायचा आणि वरून टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलून बघायचं. पिठावर पाखराचा पाय दिसला तर तो पाखराच्या जन्माला गेला, गाईचा खूर दिसला तर गाईच्या. मुंग्यांची रांग दिसली तर मुंगी. काहीच नाही उमटलं तर सुटला.

मी नेहमीप्रमाणे सुरू झाले. पीठ म्हटलं की झुरळ येणार, पाल येणार, त्यांचे पाय उमटणार, त्यात बाबूजी कुठून आले? सासूबाईंनी चाळणी माझ्या हातातून घेतली. त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत, त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

"तू शाळेत काय करते वं?" त्या म्हणाल्या. "दोन बश्यात हरभरे ठेवते. एकात पाणी घालते, एकात नाई. सकाळी पाह्यते, कशाले कोंब आला. मी तेच करून राहिली. मले फकस्त पाह्याचं हाय, हे कुठं गेले ते."

मी म्हटलं, "आई, पण मी दोन बश्या ठेवते. तुमची एकच आहे. दुसरी कुठाय?"

"दुसरी काहून लागते?"

मी त्यांना कंट्रोल समजावून सांगितला. जिथे माणूस गेलं तिथे एक परात, आणि जिथे कधी कुणीच गेलं नाही तिथे दुसरी. पीठ तेच, चाळणी तीच, टोपली तशीच. दोन्हीकडे सारख्याच खुणा आल्या तर त्या झुरळाच्या, बाबूजींच्या नाहीत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठेव मंग. जिथं कोणी मेलं नाई तिथं कोणाचा पाय येते, ते मीबी पाह्यते."

घर नवं, त्यामुळे अशी जागा शोधायची गरजच नव्हती. बैठक सोडली तर त्या घरात कुठेच कुणी मेलं नव्हतं. मी आमची खोली निवडली. भिंतीजवळ पितळी परात ठेवली, बोटभर जाडीचं पीठ पसरून फूटपट्टीने एकसारखं केलं. वर टोपली पालथी घातली. टोपली आणि परात मिळून सुतळीने आडवी-उभी बांधली, गाठीवर शाळेच्या लॅबमधून आणलेली लाख वितळवून टाकली आणि ती गरम असतानाच अंगठा दाबला. अंगठा पोळला. लाखेवर माझा ठसा स्पष्ट आला, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मिस्टर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कुमुद, पीएचडी करून राहिलीस का?"

पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. त्या रात्री घरात आम्ही तिघंच, आणि उन्हाळा असल्यामुळे तिघंही मागच्या आंगणात खाटा टाकून झोपलो. समोरच्या दाराला आतून कडी होती.

सकाळी सहाला सासूबाईंनी बैठकीतली टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. त्यांनी हात जोडले, "सुटले बाप्पा," म्हणाल्या आणि तिथेच बसून पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, चला, निदान ह्या माउलीचं समाधान झालं. आता आपली परात उगाच उघडायची, तिथेही काही नसणार, विषय संपला.

मी आमच्या खोलीत गेले. सुतळी तशीच होती. लाख तशीच, माझा अंगठा तसाच. ब्लेडने सुतळी कापली, टोपली बाजूला केली.

परातीत पाऊल होतं.

उजवं. अख्खं. टाच भिंतीकडे, बोटं माझ्याकडे — कुणीतरी भिंतीतून बाहेर पहिलं पाऊल टाकावं तसं. नुसतं टेकलेलं नव्हतं, पूर्ण भार देऊन ठेवलेलं होतं. टाचेखाली पितळ दिसत होतं. पाचही बोटं वेगवेगळी. टोपलीची उंची जेमतेम वीतभर. त्यात तळवा मावेल, पण तळव्याच्या वरचं माणूस कुठे मावणार?

मला दरदरून घाम फुटला. मे महिना होता, पण हा तो घाम नव्हता. त्या पावलाच्या समोरून बाजूला व्हावं एवढंही मला सुचेना, कारण पुढचं पाऊल कुठे पडेल ते दिसत होतं... मी बसले होते तिथेच.

भीती वाटली की माणूस त्याला जे येतं तेच करतो. सासूबाई असत्या तर त्यांनी देवाचं नाव घेतलं असतं. मी टेबलावरून ग्राफपेपर, कंपास आणि पट्टी घेतली. मापं घेतली — टाच ते अंगठा, चवड्याची रुंदी, एकेका बोटामधलं अंतर — आणि कागदावर पाऊल काढलं. ते झाल्यावर का कोण जाणे, माझा उजवा पाय त्या कागदावर ठेवला.

पाय तंतोतंत बसला. माझी करंगळी जरा आत वळलेली आहे. कागदावरचीही तशीच वळलेली होती.

आपण उभ्या आहोत ना, श्वास चालू आहे ना, हे मी खरोखर नाडी धरून बघितलं. हसू नका. ह्या रिवाजात पाऊल मेलेल्याचंच उमटतं, ते तुम्हाला वर सांगितलंच आहे.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि हायसं वाटलं. माझ्या पायात जोडवी होती, आमच्याकडची जाड, चांदीची. लग्नात घातल्यापासून निघाली नव्हती, निघण्यासारखी नव्हतीच. तो पाय पिठावर ठेवला तर दुसऱ्या बोटापाशी जोडव्याची खूण उमटणारच. आणि परातीतलं बोट साफ होतं. म्हणजे हा पाय माझा नाही. माझा असूच शकत नाही. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "माझा नाही."

"काय तुहा नाई?" मागून सासूबाई आल्या.

मी बोट दाखवलं. त्या वाकल्या. ठसा पाहिला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग पुन्हा परातीकडे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. नवरा गेला तेव्हाही तसा झाला नव्हता. मी म्हटलं, "आई, ह्यात जोडव्याची खूण नाही बघा."

त्या खाली बसल्या आणि हाताने सगळं पीठ एका झटक्यात सारखं करून टाकलं.

"माहा पाय हाय तो," त्या म्हणाल्या. "पहाटे मीच ठेवला. लय शहाणी समजते स्वतःले, तुही जिरवाव म्हटलं."

त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. पण मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं म्हणता! जोडवी नसलेला बाईचा पाय. घरात तीन दिवसांपूर्वी जोडवी काढलेली बाई एकच होती. हिशेब जुळला. राहिली लाखेवरची माझ्या अंगठ्याची खूण, आणि राहिलं पायाचं माप. आकडे जुळवून आणणाऱ्या मुलींची प्रॅक्टिकलची वही मी फाडून टाकायचे, आणि त्या सकाळी मी स्वतः दोन निरीक्षणं सोडून दिली. कारण नको होती.

तेरवी झाल्यावर मी हा किस्सा हसत-हसत मिस्टरांना सांगितला. ते हसले, पण नंतर म्हणाले, "तुह्या प्रयोगात एक चूक आहे."

"कोणती?"

"तू म्हणतेस, त्या जागी कुणी मेलं नाही. तुला एवढंच म्हणता येईल की *अजून* कुणी मेलं नाही. तो शब्द तू गाळलास. तो घातला की तुझा कंट्रोल उरतच नाही." आणि त्यांनी पेपर उघडला. त्यांच्यासाठी ते तर्कातलं एक कोडं होतं. मी मात्र त्या रात्रीपासून त्या भिंतीकडे पाठ करून झोपू शकले नाही. खाट हलवली, कपाट तिथे आणलं. कपाटावर आरसा होता, मग तो काढला.

पावसाळ्यात मी जवळजवळ विसरले होते. सासूबाईंमध्ये मात्र फरक पडला होता. त्यांनी शनिवार धरले. पायात चप्पल घालणं सोडलं. मिस्टरांना कॉलेजातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की फाटकात जाऊन उभ्या राहायच्या. मला वाटलं, नवरा गेला, आता मुलात जीव अडकला आहे. साहजिक आहे.

दसऱ्यानंतर त्या आंगणात घसरून पडल्या आणि उजवा घोटा सुजला. मी हळद गरम करून लेप लावायला बसले. लग्न होऊन तीन वर्षांत मी त्यांचा पाय असा हातात घेतला नव्हता. त्या बसायच्याही पाय लुगड्यात ओढून. पाय रुंद, पसरलेला, टाचेला भेगा. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. बोटं मोठी, आखूड.

मी लेप अर्धा सोडून कपाटातून ग्राफपेपर काढून आणला. त्यांच्या पायाखाली धरला. चवडा कागदावरच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला, टाच अलीकडेच संपली.

"आई, तो पाय तुमचा नव्हता."

मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. हळदीने माखलेला, तसाच.

"तुहा होता," त्या म्हणाल्या. "मले पाह्यल्याबरोबर समजलं. तुह्या पायाची वळख नाई का मले? रोज सडा टाकते, त्याच्यावरून तू चालत जाते शाळेत."

"पण जोडवी—"

"तेच तं सांगून राहिली. भुंडा होता."

भुंडा. आमच्याकडे बांगडी नसलेल्या हाताला हा शब्द वापरतात, आणि कोणत्या बाईचे हात तसे असतात ते सांगायला नको. जोडव्याची खूण नाही, म्हणून मी सुटले असं मला वाटलं होतं. सासूबाईंनी त्या न उमटलेल्या खुणेकडे बघून मुलाचं मरण वाचलं होतं. पाच महिने त्यांनी ते एकटीने पोटात ठेवलं.

"मले काहून नाही सांगितलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"सांगून का झालं असतं वं? तू बी अशीच झाली असती."

आणि मी झालेच. त्या दिवसापासून पुढचे सात महिने मी कशी जगले हे मला आता आठवूनही नको वाटतं. मी शनिवार धरले नाहीत. मी पाणी उकळलं. मिस्टरांचं ब्लडप्रेशर तपासून घेतलं, छातीचा फोटो काढला, लघवी तपासली, कॉलेजातून येताना सायकलवरून रेल्वे फाटक ओलांडायचं नाही म्हणून शपथ घातली. ते झोपले की नाकाशी बोट धरून बघायचे. सासूबाईंचे उपास आणि माझ्या तपासण्या, दोन्ही एकाच भीतीपोटी चालले होते, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. मिस्टरांना आम्ही काहीच सांगितलं नाही. नाही म्हणायला एकदा ते म्हणाले होते, "तुम्हा दोघींचं अचानक एकमत कसं झालं? मला भीती वाटून राहिली." मी हसले. नंतर न्हाणीत जाऊन रडले.

पुन्हा मे आला. मिस्टरांना युनिव्हर्सिटीचे पेपर तपासायला जायचं होतं. पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं. मी नको म्हटलं, सासूबाई आडव्या आल्या. ते म्हणाले, "अवं, हजार माणसं जाऊन राहिली रस्त्याने." शेवटी डोक्याला, कानाला पंचा बांधून दिला. आणि खिशात कांदा ठेवला. हो, मीच. लू, म्हणजे उष्माघात, लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात. त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे.

दुपारी दोनला आले. सायकल फाटकावर टाकली, भिंत धरत आत आले. "कुमुद, अंग भाजून राहिलं," एवढंच बोलले. घाम अजिबात नव्हता, कातडी तव्यासारखी तापलेली. जवळची जागा म्हणून आम्ही त्यांना आमच्याच खोलीत, खाली फरशीवर निजवलं. ओल्या चादरी, बर्फ, कैरीचं पन्हं — जे-जे पुस्तकात आहे आणि जे-जे पुस्तकात नाही ते सगळं केलं. शेजारचे गृहस्थ डॉक्टरांना आणायला धावले. डॉक्टर येईपर्यंत साडेतीन वाजले होते. तोवर सगळं आटोपलं होतं.

डॉक्टरांनी लू लिहिलं. बरोबरच आहे. ते कसे गेले ह्याबद्दल माझी काहीच शंका नाही, शरीराचं तापमान किती वाढलं की काय होतं ते मी आजही फळ्यावर लिहून दाखवीन. खिसा रिकामा करताना कांदा निघाला. गरम होता.

कपाट त्या गडबडीत कुणीतरी बाजूला सरकवलं होतं. त्यांचं डोकं भिंतीशी होतं, बरोबर त्या जागी जिथे मी परात ठेवली होती.

दहाव्याला बायका आल्या. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. मी सगळं काढू दिलं. एकीने साबण आणून माझा उजवा पाय हातात घेतला, तेव्हा मी तो ओढून घेतला. म्हटलं, जोडवी काढणार नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, शिकलेली आहे, काय बोलणार. एवढ्यात सासूबाई उठल्या. मुलगा गेल्यापासून त्या उभ्याही राहिल्या नव्हत्या.

"राहू द्या तिचे," त्या म्हणाल्या. "कोणी हात लावाचा नाई."

मग कुणाची छाती झाली नाही. पीठ त्या वेळी कुणी पसरलं नाही, आणि आमच्या घरात पुन्हा कधीच नाही.

पुढे ह्या गोष्टीचा गवगवा झाला. शाळेत माझं कौतुक झालं. एका महिला मंडळाने बोलावून शाल दिली — बाईंनी रूढी झुगारली, विधवेने जोडवी काढायची नाहीत हे स्वतःच्या घरी करून दाखवलं, विज्ञाननिष्ठ आहेत. मी शाल घेतली, भाषणही केलं. ऐकून दोघी-तिघी बायकांनी म्हणे नंतर स्वतःची जोडवी ठेवली. त्यांचं भलं झालं असेल तर मला आनंदच आहे. पण ते सगळं खोटं होतं. मी कोणतीही रूढी झुगारली नव्हती. मी भ्यायले होते. जोडवी पायात आहेत तोवर त्या परातीतला पाय माझा नाही, एवढ्या एका वाक्याला मी लटकले होते. ती काढली तर तो माझा ठरला असता. मग मानावं लागलं असतं की वर्षभर आधी मला बातमी मिळाली होती, आणि मी काय केलं, तर पाणी उकळलं. आणखी एक विचार मी सासूबाईंपाशीसुद्धा कधी बोलून दाखवला नाही. तिथे परात ठेवली नसती तर... जागा मीच निवडली होती.

सासूबाई त्यानंतर अकरा वर्षं माझ्याजवळ राहिल्या आणि म्हातारपणाने गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. आमच्यात परमेश्वरावरून वाद होत राहिले, तेही मीच उकरून काढायचे, कारण घर फार शांत असायचं.

ग्राफपेपर माझ्याकडे आहे. आतापर्यंत तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं असेलच की बाई, अजून एक तपासणी बाकी आहे — जोडवी काढा, पिठावर पाय ठेवा, कागदाशी ताडून बघा. जुळला नाही तर भीती गेली. अगदी बरोबर. मी परीक्षक असते तर ह्याच मुद्द्यावर मार्क कापले असते. पण इतक्या वर्षांत मी ते केलेलं नाही.

वयाने बोटं वाळली आहेत. जोडवी आता सैल झाली आहेत, मी त्यांना आतून दोरा गुंडाळते. परवा न्हाणीतून बाहेर येताना उजव्या पायातलं निसटलं आणि फरशीवर वाजलं. पाय ओला होता, फरशी कोरडी होती, आणि पाऊल टाकून झालं होतं. मी खाली बघितलं नाही. डोळे मिटून भिंतीला धरून उभी राहिले, पंखा चालू होता, मनात तीनशे आकडे मोजले, फरशी वाळेपर्यंत.